मळीपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत: धाराशिवचे इथेनॉल आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज

एका मिलिमीटरचे 33 लाख सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकी रुंद छिद्रे असलेले गोळे इथेनॉल प्रकल्पाच्या उंच टाक्यांमध्ये भरलेले असतात. पांढुरके आणि ज्वारीच्या दाण्याएवढे हे गोळे झिओलाइटचे असतात. पाण्याचा रेणू त्या छिद्रात शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा रेणू त्याहून मोठा असल्याने बाहेरच राहतो आणि वाफेबरोबर पुढे निघून जातो. कळंब, धाराशिव, उमरगा तालुक्यांतल्या फडातला ऊस अखेर मोटारसायकलच्या टाकीत पोहोचतो, तो या चाळणीतून गेल्यावरच.

ही चाळणी लागते कशाला? गाळपानंतर साखर काढून घेतली की काळी, घट्ट मळी उरते. त्या मळीत पाणी आणि यीस्ट घातले की यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. या आंबलेल्या द्रवात अल्कोहोल जेमतेम 8 ते 12 टक्के असते. अल्कोहोल 78 अंशांना उकळते, पाणी 100 अंशांना, म्हणून ऊर्ध्वपातनाने दोन्ही वेगळे करता येतात. मात्र सुमारे 95.6 टक्क्यांवर गाडी अडते. तिथे वाफेतले आणि द्रवातले प्रमाण एकच होते आणि कितीही उकळले तरी उरलेले पाणी निघत नाही. पेट्रोलला मात्र 99.5 टक्क्यांच्या वरचे कोरडे इथेनॉल लागते. शेवटचे हे पाणी झिओलाइट काढते. दोन टाक्या आळीपाळीने चालतात. एक पाणी शोषत असते, तेव्हा दुसरीतले पाणी निर्वात करून ओढून घेतले जाते आणि काही मिनिटांनी कामाची अदलाबदल होते.

याच यंत्रणेने 2021 मध्ये एक वेगळे काम करून दाखवले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू होती, तेव्हा कळंब तालुक्यातल्या चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजननिर्मिती सुरू केली. तत्त्व तेच, गोळे फक्त दुसऱ्या जातीचे. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. पेट्रोलसाठी पाणी गाळणारी विद्या रुग्णाच्या श्वासाच्या कामी आली, याचा धाराशिव जिल्ह्याला अभिमान वाटायला हवा.

आता गाडीकडे वळू. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल म्हणजे ई-20. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाने जवळपास 35 टक्के. म्हणजे तो काही अंशी आधीच जळालेला असतो, आणि म्हणून एका लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. ई-20 मध्ये पाचवा हिस्सा इंधन असे एक-तृतीयांशाने कमी ताकदीचे असते. गुणाकार केला की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी कमी भरते आणि ई-10 च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांनी. अ‍ॅव्हरेज का पडते याचे मूळ एवढेच आहे. पंपावाल्याने मापात मारले असा संशय घेण्याआधी हे गणित करून पाहावे.

सरकारी आकडेही याच टप्प्यात आहेत. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के आणि दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांना 1 ते 2 टक्के आणि इतरांना 3 ते 6 टक्के घट सांगितली. लिटरला 18 किलोमीटर देणारी मोटार 17 वर आली असे धरा. हजार किलोमीटरला साडेपंचावन्नऐवजी जवळपास 59 लिटर लागतील. 105 रुपये भावाने हा फरक साधारण 340 रुपयांचा होतो. तुळजापूर ते पुणे वरचेवर ये-जा करणाऱ्या कुटुंबाला तो जाणवतो, आणि जाणवतो असे त्यांनी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती काही नाही.

इथेनॉलची चांगली बाजूही तितकीच खरी आहे. त्याचा ऑक्टेन अंक 108 च्या आसपास आहे. दाब वाढला तरी ते वेळेआधी पेटत नाही, त्यामुळे इंजिन ठोकत नाही. बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेते, त्यामुळे सिलिंडरात जाणारी हवा थंड आणि दाट होते. इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवून घडवले, तर या गुणांमुळे पिकअप सुधारतो आणि गमावलेल्या अ‍ॅव्हरेजचा काही भाग परत मिळतो. जुन्या इंजिनाला मात्र हा लाभ आपोआप होत नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच सांगायचे राहून जाते.

एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत ई-20 थोडे जास्त सोडावे लागते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत सायलेन्सरकडे जाणारा धूर सेन्सर तपासतो आणि संगणक इंधनाची फवारणी थोडी वाढवतो. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारसायकलला ही सोय नाही. तिथे मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. शिवाय इथेनॉल काही प्रकारचे रबर फुगवते आणि पाणी ओढून घेते. टाकीत पाणी मर्यादेबाहेर गेले, तर इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी बसते आणि इंजिनात आधी तोच थर जातो. जुनी गाडी असेल, तर पेट्रोल भरून ती महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे आणि नळ्या-वॉशर वेळेवर बदलून घ्यावेत. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई-20 सोसणारे असतात.

लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, मग पेट्रोल स्वस्त का झाले नाही? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या प्रयोगाची सुरुवात 2001 मध्ये झाली, ती आपल्याच राज्यातल्या मिरज आणि मनमाडला व उत्तर प्रदेशात बरेलीला, 5 टक्क्यांच्या मिश्रणाने. 2013-14 मध्ये देशातल्या मिश्रणाची सरासरी दीड टक्का होती, जून 2022 मध्ये ती 10 टक्क्यांवर गेली आणि 2025 मध्ये 20 च्या घरात. या काळात इथेनॉलचा खरेदी दरही चढत गेला. 2024-25 च्या हंगामात सी-हेवी मळीच्या (साखर पुरती काढून घेतल्यावर उरणाऱ्या) इथेनॉलला 57.97 रुपये, उसाच्या रसाच्या इथेनॉलला 65.61 आणि मक्याच्या इथेनॉलला 71.86 रुपये लिटर होते. वाहतूक आणि जीएसटी धरून जुलै 2025 अखेरची सरासरी 71.32 रुपये होती. शुद्धीकरण झालेल्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा हा भाव जास्त होता, हे मंत्रालयानेच मान्य केले. त्यावर कर आणि कमिशन चढते. स्वस्ताई येणार कुठून?

माझ्या मते ग्राहकाची खरी तक्रार इथेनॉलविषयी नाही, निवडीविषयी आहे. ब्राझीलमध्ये इथेनॉलचा आणि पेट्रोलचा भाव पंपावर वेगवेगळा लावतात. इथेनॉल पेट्रोलच्या 70 टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर भरायचे, नाही तर नाही, हा तिथल्या चालकांचा रोजचा हिशेब आहे. आपल्याकडे कमी ऊर्जेचे लिटर पूर्ण भावाने घ्यावे लागते. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. तरीही पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे आणि भाव ऊर्जेच्या मानाने ठरवावा, ही मागणी रास्त आहे.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. उसाचे बिल 14 दिवसांत द्यायचे असा 1966 चा नियम आहे, पण साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात आणि एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान रास्त दराची, उचल सुटते. ढोकीचा तेरणा कारखाना अनेक वर्षे बंद राहिलेला ज्यांनी पाहिला, त्यांना या पैशाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न उरतो पाण्याचा. नीती आयोगाच्याच अंदाजाप्रमाणे उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पावसाने ओढ दिलेल्या 2023 मध्ये साखरेचा तुटवडा दिसताच 7 डिसेंबरला केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली आणि आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती ती सैल केली. आधीच कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांना त्याचा फटका बसला. मळीच्या इथेनॉलचे तसे नाही. साखरेसाठी गाळलेल्या उसातूनच मळी निघते, तिच्यासाठी वेगळे पाणी द्यावे लागत नाही. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आधी मळीचे इथेनॉल काढावे, रसाचे त्या वर्षीचा पाऊस आणि धरणांतला साठा पाहून, आणि नवा प्रकल्प उभारायचाच असेल तर तो मक्यावर चालेल असा उभारावा.