रेडिओला घातलेला हार

2 ऑगस्ट 1954 रोजी सेलवास, म्हणजे आजचे सिल्वासा, पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले. ज्या स्वयंसेवकांनी ही मोहीम अंगावर घेतली त्यांत सुधीर फडके होते, आणि मोहिमेच्या खर्चासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर आठ महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी 56 गीते. त्या वर्षाची एक आठवण मराठी घरांतून आजही सांगितली जाते. गीताची वेळ झाली की लोक अंघोळ करून रेडिओसमोर बसत, रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. ज्यांच्याकडे रेडिओ नसे ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर गोळा होत. उदबत्तीचा वास पुण्यातल्या स्टुडिओपर्यंत पोचणार नाही, हे लावणाऱ्याला पक्के ठाऊक होते. मग तो हार कोणाला होता? रामाला, असे कोणी म्हणेल. पण राम घरोघरी देव्हाऱ्यात होताच, तिथे रोज फूल वाहिले जात होतेच. हार लाकडी खोक्याला पडला, कारण गाणे तिथून येत होते आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे दाटून येई ते कुठेतरी ठेवायला त्याला जागा हवी होती.

हाच प्रश्न आज ऑपेराच्या निमित्ताने वेगळ्या कपड्यांत समोर येतो. ऑपेरा म्हणजे युरोपचे संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात पदे गायची आणि संवाद बोलायचे, तर ऑपेरात बहुतेक वेळा संवादही गाऊनच होतात, आणि रंगमंचापुढच्या खोलगट जागेत साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद बसलेला असतो. एवढा पसारा घेऊन दौरे करणे फार थोड्यांना परवडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 30 डिसेंबर 2006 ला मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ थेट चित्रपटगृहांत दाखवला आणि तेव्हापासून ऑपेरा पडद्यावर पाहणारा एक नवा प्रेक्षकवर्ग जगभर तयार झाला. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातही हे प्रयोग ध्वनिचित्रमुद्रित रूपात दाखवले गेले आहेत. अशा खेळात एखादे अवघड पद संपते, न्यूयॉर्कचे प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि पडद्याच्या अलीकडे, अंधारात बसलेल्यांपैकीही काही जण वाजवतात. शेजारचे मान वळवून बघतात. गायिका हजारो मैलांवर, गाऊन कित्येक आठवडे झालेले. टाळी कसली वाजवता, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. माझे म्हणणे असे की टाळी वाजवणाऱ्याचेच बरोबर आहे. तो भ्रमात नाही. संगीत ऐकताना माणसाने जे करायचे असते ते तो पुरते करतो आहे, आणि मान वळवणाऱ्याला दादेचे अर्धेच काम ठाऊक आहे.

दादेचे पहिले काम सर्वांना माहीत असते: ती कलावंतापर्यंत जाते आणि पुढचे गाणे बदलते. मराठी रंगभूमीला हे सांगावे लागत नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, आणि पुढच्या काळात ‘वन्स मोअर’ हे दोन इंग्रजी शब्द मराठी नाट्यगृहाचे स्वतःचे झाले. वन्स मोअर मिळाला की पद पुन्हा गायले जाई, पण तेच नव्हे. नवी तान, नवी जागा, कधी लयीशी वेगळा खेळ. प्रेक्षकच त्या पदाची लांबी ठरवत असे. ज्या वाद्यवृंदाच्या मैफलीत आज दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणे अडाणीपणाचे मानतात तिथेही एकेकाळी असेच होते. 1778 च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्ट मोठ्या आनंदाने सांगतो, की आपल्या नव्या सिंफनीतला एक तुकडा लोकांना आवडणार हे आधीच हेरून आपण तो शेवटाकडे पुन्हा आणला, आणि लोकांनी मध्येच टाळ्यांचा कडकडाट केला. निःशब्द बसण्याचा शिष्टाचार नंतरचा आहे. आणि ही देवघेव अगदी उघडपणे पाहायची तर सिल्वासाच्या आसपासच्या वारली पाड्यांवरचा तारपा पाहावा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांतून हे फुंकवाद्य बनते. तारपकरी वाजवत फिरतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळसे घेते. त्याने सूर बदलला की पाय बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. इथे श्रोता नावाचा वेगळा माणूसच उरत नाही; ऐकणे आणि उत्तर देणे एकाच पावलात होते.

ध्वनिमुद्रणाने हा धागा तोडला, हे कबूल केलेच पाहिजे. तो तुटला तेव्हाचे एक वर्ष फार बोलके आहे. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने 1902 च्या एप्रिलमध्ये मिलानला एन्रिको कारूसोचा आवाज मुद्रित केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचा. गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणजे शंभर माणसांच्या नजरेला नजर देत गाणारी बाई पहिल्यांदाच अशा श्रोत्याशी बोलत होती जो दिसत नाही, मान डोलावत नाही, आणि ज्याला तिची भाषाही येत नाही. वेळही कापला गेला. रंगमंचावर वन्स मोअर घेत घेत लांबणारे बालगंधर्वांचे पद तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावे लागे. घरी मात्र श्रोत्याच्या हाती एक नवी सत्ता आली. फोनोला चावी द्यायची, पिन बदलायची, साउंड बॉक्स हलक्या हाताने पुन्हा काठावर आणून टेकवायचा, की वन्स मोअर मिळाला. गायकाने नाही म्हणण्याचा प्रश्नच नाही. पण जे आले ते अक्षरशः तेच: तीच तान, श्वासाची तीच जागा, आणि मधून तीच खरखर.

आता आक्षेप. पहिला असा की यंत्राला दाद देणारा माणूस फसलेला असतो. फसवणूक घडू शकते, यात वाद नाही. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून दहाएक वर्षे अमेरिकेत जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका उभी आणि शेजारी फोनोग्राफ. ती मध्येच गाणे थांबवी, यंत्र चालूच राही. दिवे मालवले की कोण गाते आहे हे लोकांना ओळखता येत नसे, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जाई. त्या गायिकांपैकी अ‍ॅना केस हिने म्हातारपणी सांगितले, की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा लावत असू. हा प्रसंग आक्षेप घेणाऱ्यांना फार आवडतो. पण तिथे टाळी होती ती नकलेच्या करामतीला. गीतरामायण ऐकणाऱ्या एकाही माणसाला फडके रेडिओच्या खोक्यात बसले आहेत असे वाटत नव्हते, आणि ऑपेरा पाहणाऱ्याला गायिका पडद्यामागे उभी आहे असे वाटत नाही. ज्याला सगळे ठाऊक आहे आणि तरीही ज्याचे हात उठतात, त्याच्या टाळीची जातच वेगळी.

आपली भाषाच इथे मदतीला येते. दाद हा मूळ फारसी शब्द, त्याचा अर्थ न्याय. म्हणून तर आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. न्याय करताना ज्याच्याविषयी निवाडा आहे तो समोर असावाच लागतो असे नाही. निवाडा चारचौघांत उच्चारला जाणे मात्र आवश्यक असते. दादेचे दुसरे काम हेच. ती शेजाऱ्याला सांगते: हे ऐकलेस ना? ही जागा चुकवू नकोस. नवख्या श्रोत्याला सम कुठे आली हे पुस्तक वाचून कळत नाही. भोवतालच्या माना एकाच वेळी हलतात त्यातून ते कळते. ध्वनिमुद्रणाने कलावंताकडे जाणारा धागा तोडला, शेजाऱ्याकडे जाणारा तोडला नाही. ओसरीवरच्या त्या रेडिओभोवती नेमके हेच घडत होते. आपण नुसते ऐकत नाही, सगळे मिळून ऐकत आहोत, हे त्या हारामुळे प्रत्येकाला दिसत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुद्रित आवाज हा खरा आवाजच नव्हे. याचा सर्वांत चांगला साक्षीदार मुंबईचाच आहे. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्यांचा मुलगा झुबिन वडिलांचा वाद्यवृंद आणि घरातल्या रेकॉर्डी ऐकत वाढला आणि 1954 साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला गेला. तिथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने ब्राम्सची पहिली सिंफनी वाजवली आणि असा नाद आपण आयुष्यात ऐकलाच नव्हता असे त्याला वाटले. हे झुबिन मेहतांनी वारंवार सांगितले आहे. मला ते पूर्ण मान्य आहे. शंभर वाद्यांचा नाद खोलीतली हवाच हलवतो, तो अंगाला लागतो. स्पीकरमधून तसा लागत नाही. पण ती सिंफनी ऐकायला व्हिएन्नापर्यंत जावे, ही ओढ त्या मुलाला लागली त्यात त्या रेकॉर्डींचाही वाटा होता. राहता राहिला तबकडीने कान घट्ट होतात हा आक्षेप. तो खराच आहे. बालगंधर्वांची तबकडी पाठ असलेला श्रोता पुढच्या गायकाला तीच हरकत मागतो, ती नसली की नाराज होतो. पण हा दोष एकट्याने शंभरदा ऐकण्याचा आहे. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने टाळ्यांवर बंदी घालावी असे लिहिले, 1964 मध्ये मैफली सोडून दिल्या, आणि स्टुडिओतले निर्जन संगीत हेच भविष्य मानले. त्याचे वादन थोर आहे. त्याचा हा निष्कर्ष मला पटत नाही. आज कानांत इअरफोन घालून ऐकणारा प्रत्येक जण गूल्डने कल्पिलेला श्रोताच झाला आहे, आणि ऐकता ऐकता त्याच्या तोंडून ‘वाः’ निघाले तरी शेजारचा दचकतो.

सिल्वासासारख्या गावाला हा विचार थेट लागू पडतो. कारखान्यांमुळे इथे देशभरची माणसे आली. मराठी, गुजराती, वारली, कोकणा, हिंदी अशा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. संपूर्ण वाद्यवृंदासह ऑपेरा इथे येईल अशी चिन्हे नाहीत. मुंबई गाठायची तर वापीहून गाडी धरायची. पण सभागृह, पडदा, बरे स्पीकर आणि खाली मराठी-गुजरातीत अर्थ देणारी एक ओळ, एवढ्यावर ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा इथे दाखवता येईल, गंधर्वांच्या तबकड्यांची श्रवणसभा भरवता येईल, तारप्याचे मुद्रण ऐकून त्यावर पाड्यावरची जाणती माणसे बोलतील. आयोजकांना एकच विनंती: ‘शांतता राखा’ अशी पाटी दारावर लावू नये. मध्ये कुजबुज झाली, कोणी चुकीच्या जागी टाळी वाजवली, कोणी वन्स मोअर मागितला, तर चालकाने खुशाल तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावावा.

खासगी मैफलींच्या जुन्या टेप जमवणारे लोक स्टुडिओतल्या निर्मळ मुद्रणापेक्षा त्या टेपांना जास्त जपतात. त्यांत तंबोऱ्याबरोबर कोणाचा तरी खोकला असतो, चहाच्या कपांचा आवाज असतो, आणि गायक समेवर येतो तेव्हा मायक्रोफोनजवळ बसलेल्या कोणा अनोळखी माणसाचे ‘आहा!’ असते. त्याचे नाव टेपच्या डबीवर नसते. पण नव्याने ऐकणारे चार जण एकत्र बसलेले असले, की त्याचे ‘आहा’ येण्याच्या क्षणभर आधी त्यांच्यापैकी एखाद्याचा हात उठलेला असतो.