जुन्या घराला नवी खोली : सांध्याचा प्रश्न (लेखांक ७)

परवानगी, सामासिक अंतरे आणि चटई क्षेत्र निर्देशांक यांचा विचार मागील लेखांकात झाला असल्याने, या लेखांकात तळमजली घराला खोली वाढवताना सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणाऱ्या जागेकडे, म्हणजे जुने व नवे बांधकाम जिथे भेटते त्या सांध्याकडे, वळावयाचे आहे.

कोणत्याही बांधकामाच्या भाराने खालची जमीन थोडीफार दबते आणि बांधकाम तेवढे खाली बसते. जुने घर अनेक पावसाळे काढून जेवढे बसायचे तेवढे बहुधा बसलेले असते. नव्या खोलीचे बसणे मात्र भिंती व स्लॅब यांचा भार येईल तसे सुरू होते आणि चिकणमातीत ते काही वर्षेही चालते. अशा वेळी विटांचे दाते काढून नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवली, तर मजबुतीऐवजी तिरपे तडे पदरी पडतात. म्हणून दोन्ही भिंतींमध्ये पायापासून स्लॅबपर्यंत साधारण २५ मिलिमीटरची सलग फट ठेवून ती दबणाऱ्या फोमने भरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. या फटीला विलगीकरण सांधा म्हणतात. गवंड्याला ती कामातली उणीव वाटते आणि तो ती मालाने भरून टाकू पाहतो, त्यामुळे ती नकाशावर स्पष्ट दाखवलेली असावी.

सोलापूर, मराठवाडा व विदर्भातील काळ्या जमिनीत प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. घराखालची माती आडोशाने फारशी बदलत नाही, पण नवी खोली नेमकी उघड्यावर भिजणाऱ्या-वाळणाऱ्या पट्ट्यात उभी राहते. काळी माती उथळ असेल तर ती काढून पाया मुरमापर्यंत न्यावा. खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल उपयोगी पडतात. कोकणात जांभ्याच्या कठीण थरावर एवढा खटाटोप सहसा लागत नाही.

नव्या पायाचा खड्डा जुन्या पायाला खेटून त्याच्या तळापेक्षा खोल नेल्यास जुन्या भिंतीखालची माती सरकते. त्यामुळे नवे कॉलम तीन-चार फूट अलीकडे घेऊन बीम व स्लॅब जुन्या भिंतीपर्यंत अधांतरी, म्हणजे कॅन्टिलिव्हर पद्धतीने, काढणे इष्ट. खर्च थोडा वाढतो, पण जुना पाया उघडा पडत नाही.

स्लॅबवरील पाणी जुन्या भिंतीकडे न येता बाहेर जावे, यासाठी सुमारे शंभरास एक एवढा उतार द्यावा. सांध्यावर वाकवलेला जस्ती पत्रा बसवून त्याची वरची कड जुन्या भिंतीतील खाचेत सीलबंद करावी आणि खालची कड नव्या बांधकामाला न जखडता त्यावर मोकळी सोडावी.

आत जाण्यासाठी जुनी भिंत फोडताना तिच्यावर स्लॅब टेकलेला आहे काय हे आधी पाहावे. असल्यास स्लॅबला टेकू देऊन, वर लिंटेल बसवून व ते पुरेसे घट्ट झाल्यावरच खालच्या विटा काढाव्यात. उंबऱ्याशी फरशी सांध्यावरून सलग नेऊ नये. तिथे धातूची पट्टी टाकून ती फक्त एकाच बाजूला स्क्रूने पक्की करावी, अन्यथा पहिला तडा फरशीलाच जातो.