मधल्या फळीचा मान

फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील खेळाडूचे काम दुहेरी असते : प्रतिपक्षाची चाल मोडावयाची आणि चेंडू आपल्या आघाडीकडे पोहोचवावयाचा. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावे लागतो. परिश्रम मधल्या फळीचे असतात.

मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांनी ही जबाबदारी भारतीय संघासाठी दोन दशके सांभाळली. इंफाळमध्ये १९८० साली जन्मलेल्या बेमबेम देवी बालपणी मुलांबरोबर खेळत. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांची राष्ट्रीय संघात निवड झाली. २००३ मध्ये त्या कर्णधार झाल्या. २०१० आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत त्या होत्या. २०१६ च्या शिलाँग येथील विजयानंतर त्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निवृत्ती घेतली. २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. पद्मश्री मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू होत.

सुरत शहरातील मराठी शाळा असो वा खेड्यातील एकशिक्षकी शाळा, मुलींचा स्वतंत्र संघ उभा राहण्यास वेळ लागतो. तोपर्यंत मैदानावर आलेल्या मुलीस परत पाठवू नये. मुलांच्या खेळात तिला जागा द्यावी. बेमबेम देवींचा आरंभही तेथूनच झाला.