कोंड्याचे तेल आणि हवेत निसटणारे हेक्झेन

रायपूरहून धमतरीकडे जाताना लागणारे अभनपूर छत्तीसगडच्या भातपट्ट्यात मोडते. भात भरडल्यावर सुमारे २० टक्के तूस आणि ५ ते ८ टक्के कोंडा निघतो. तूस बहुधा गिरणीच्याच भट्टीत जळते. कोंड्यात मात्र १५ ते २० टक्के तेल असल्याने तो ‘सॉल्व्हंट प्लांट’कडे जातो.

तेथे हेक्झेन या द्रावकात तेल विरघळवून वेगळे काढतात. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्यामुळे ते तेलापासून सहज सुटते, आणि तितक्याच सहजतेने हवेतही निसटते. त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ती खड्ड्यांत, गटारांत साचते आणि हवेत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर गेले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड व ऊन यांच्या संयोगाने तिच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होण्यास मदत होते. हा ओझोन पर्णरंध्रांतून पानात शिरून प्रकाशसंश्लेषण मंदावतो.

वाफ आवरण्याचा पहिला टप्पा संघनकाचा, म्हणजे थंड पाण्याने तिचे पुन्हा द्रव करण्याचा. त्यातून सुटलेला वायू शोषण मनोऱ्यात खालून वर जातो आणि वरून खनिज तेल झिरपत असते. हेक्झेन त्या तेलात विरघळते; पुढे तेल तापवून व त्यात वाफ सोडून ते परत मिळवतात आणि निवलेले तेल पुन्हा मनोऱ्यात फिरवतात. उन्हाळ्यात संघनकाचे पाणी कोमट झाले की सारा भार या मनोऱ्यावर पडतो. देखरेखीची खरी कसोटी तीच.

सक्रिय कार्बनही हेक्झेन धरून ठेवतो; परंतु तो वेळोवेळी पुनरुज्जीवित करावा लागतो. वायू ७५० अंशांहून अधिक तापमानाला जाळणे प्रभावी असले, तरी विकत घेतलेले द्रावक जाळून टाकणे कोणत्या कारखानदारास परवडेल? कंपोस्ट व लाकडाच्या चिपांचा जैवगाळक स्वस्त आहे. मात्र हेक्झेन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने जिवाणूंपर्यंत फारसे पोहोचत नाही. उकड्या तांदळाच्या भिजवण टाक्यांच्या दुर्गंधीसाठी तो अधिक योग्य ठरतो. थर ४० ते ६० टक्के ओला राखावा लागतो, एवढेच.

तेलविरहित कोंडा पशुखाद्यासाठी घेताना त्यास पेट्रोलसारखा वास येत असल्यास द्रावक पुरते निघालेले नाही, असे समजावे. असा माल परत करावा. तो उतरवून घेतला असल्यास हवेशीर जागी ठेवून जवळ विडी वा दिवा नेऊ नये.