मोबाईलवरचा भाव आणि बाजारातली पत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला पूर्वी भाव कळायचा तो माल बाजारात उतरवल्यावरच. गोण्या भरायच्या, टेम्पोचं भाडं ठरवायचं, नेप्ती, राहुरी नाहीतर घोडेगाव गाठायचं, आडत्याच्या गाळ्यासमोर वक्कल लावायचं आणि लिलावाची वाट पाहायची. भाव पडलेला असला तरी माल माघारी नेणं परवडत नसे. हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन हातात पट्टी पडली की मग कष्टाचा हिशेब लागायचा. त्याच दिवशी लासलगावात किंवा सोलापुरात काय भाव निघाला, हे आकाशवाणीवर ऐकायचं किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायचं.

आज लिलाव चालू असतानाच ते आकडे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. गोणी भरायच्या आधी, कांदाचाळीत उभं राहूनच शेतकरी ठरवतो की माल आज काढायचा की चार दिवस थांबायचं, जवळच्या बाजारात न्यायचा की लांबच्या. जी माहिती व्यापाऱ्याच्या टेलिफोनपाशी अडायची, ती आता सगळ्यांची झाली आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते आधी महानगरांत. तालुक्याच्या गावी ते पुढे सायबर कॅफेच्या रूपाने आलं. वाडीवस्तीवर खरी उलथापालथ झाली २०१६ मध्ये. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. बघता बघता चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावरून करू लागला.

या बदलाने काय साधतं, ते नगर तालुक्यातल्या सारोळा कासारमध्ये दिसतं. तिथल्या सुमन धामणे कधी शाळेत गेल्या नाहीत. २०२० मध्ये नातवाने त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढून ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅनल हॅक झालं, पण काही दिवसांत ते परत मिळालं आणि आजींचा स्वयंपाक पुन्हा सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे राबलेल्या बाईच्या हाताची चव घराबाहेर पोचायला कोणा मध्यस्थाची गरज उरली नाही.

मग कांदेवाल्याच्या वाट्याला हे का येत नाही? ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राची कांदा निर्यातबंदी लागू झाली. बातमी मोबाईलवर तत्काळ पोचली आणि भाव कोसळतानाही सगळ्यांनी पाहिले, पण करता कुणालाच काही आलं नाही. आजींच्या चवीला स्वतःचं नाव आहे, चेहरा आहे. बाजारात लागलेल्या वक्कलाला शेतकऱ्याचं नाव चिकटत नाही. भाव समजणं वेगळं आणि भाव ठरवणं वेगळं. माल राखून ठेवायला चाळ हवी, घरखर्चाला हाताशी पैसा हवा, प्रतवारी हवी, थेट गिऱ्हाईक हवं. एकट्या शेतकऱ्याला हे पेलत नाही.

या प्रश्नाला याच जिल्ह्याने एकदा उत्तर दिलेलं आहे. एकेकट्या ऊस उत्पादकाला साखर कारखाना काढणं शक्य नव्हतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांना एकत्र आणलं आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं. आज तेच बळ शेतकरी उत्पादक कंपन्यांमधून उभं करता येईल. गावाच्या नावाने प्रतवारी केलेला कांदा, सामायिक साठवण आणि शहरातल्या सोसायट्यांकडून मोबाईलवर थेट मागणी, यातलं तंत्रज्ञान आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते एकमेकांवर विश्वास टाकणं आणि हिशेब चोख ठेवणं.

त्याच्या जोडीला आणखी एक काम आहे. पैसे मोबाईलवरून फिरू लागल्यापासून ओटीपी विचारून लुबाडणारेही घरात शिरले आहेत. गावातल्या तरुण पोरांनी म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ बघायला शिकवलं, तसं सावध राहायलाही शिकवावं.

माहिती प्रत्येकाच्या हातात आली, हा मोठाच पल्ला आहे. त्या माहितीवर दहा जणांनी मिळून निर्णय घेतला, तरच बाजारात शेतकऱ्याची पत वाढेल. सहकाराची वाट दाखवलेल्या या जिल्ह्याने इथेही पुढाकार घ्यायला हवा.