पायाच्या मापाचे पेडल
छोट्या हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरवरील पायनियंत्रणात बदल करण्यापूर्वी

पुण्यात ज्याला सराफकट्टा म्हणतात, त्याला आपल्या जबलपुरात सराफा म्हणतात. या सराफ्यातील कोणत्याही पेढीवर अंगठी घ्यावयास गेलेल्या ग्राहकाच्या बोटाचे माप आधी घेतले जाते, मग सोन्याची गोष्ट निघते. अंगठी सैल असेल तर ती गळून पडते, घट्ट असेल तर बोटाला काच बसतो. आतल्या कारखान्यात बसलेला कारागीर पायाने भाता दाबीत असतो. पायाचा दाब किंचित वाढला की ज्योत तीव्र होते, पाय सैल सोडला की ती मंदावते. डोळे कामावर असतात आणि ज्योतीची सारी सूत्रे मात्र पायाकडे असतात.

या दोन गोष्टी ज्याला समजल्या, त्याला आजच्या लेखाचा विषय अर्धाअधिक समजला, असे म्हणावयास हरकत नाही. शहरात व्यवसाय आणि गावाकडे शेती अशी दुहेरी घडी असलेली अनेक कुटुंबे आपल्या ग्राहकवर्गात आहेत. बाग, मटार, भाजीपाला यांसाठी लहान ट्रॅक्टर घेण्याकडे त्यांचा कल वाढत आहे. त्यांतील काहींना हायड्रोस्टॅटिक चालनाचे यंत्र खुणावते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी तर अशा यंत्राची ओळख अंगणातच होते. मात्र यंत्र घरी आल्यावर पहिली तक्रार बहुधा इंजिनाची नसून पायाची असते. ‘पेडलपर्यंत टाच पोहोचत नाही’, ‘तासाभरात घोटा दुखतो’, ‘मागे घेताना पाय उचलावा लागतो’, अशी ती तक्रार असते. मग गावच्या वेल्डरकडे धाव घेतली जाते. ती धाव घेण्यापूर्वी हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

हे पेडल करते तरी काय?

नेहमीच्या ट्रॅक्टरमध्ये डाव्या पायाखाली क्लच, उजव्या पायाखाली ब्रेक आणि हाताशी गिअर अशी रचना असते. हायड्रोस्टॅटिक रचनेत इंजिन एक तेलाचा पंप फिरवते. पंपातून निघालेले दाबयुक्त तेल एका मोटरला फिरवते व ती मोटर चाकांना गती देते. पंपाच्या आत लहान लहान दट्ट्यांसमोर एक कलती तबकडी असते. ही तबकडी सरळ उभी असेल तर दट्टे पुढेमागे होत नाहीत, तेल वाहत नाही आणि ट्रॅक्टर जागीच उभा राहतो. ती एका बाजूस कलली की तेल वाहू लागते व ट्रॅक्टर पुढे जातो. दुसऱ्या बाजूस कलली की तेलाचा प्रवाह उलटतो व ट्रॅक्टर मागे येतो. जितका कल अधिक, तितका वेग अधिक. आपल्या पायाखालचे पेडल ही तबकडी कलवते आणि एक स्प्रिंग तिला पुन्हा मध्यावर, म्हणजे न्यूट्रल स्थितीत, आणून ठेवते. १९६७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने ‘६५६’ या ट्रॅक्टरमध्ये ही पद्धत आणली आणि पुढे ती लहान ट्रॅक्टरांत रुजली.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. मोटारगाडीत पाय दाबला की इंजिनाला अधिक इंधन मिळते. येथे बहुतेक यंत्रांत इंजिनाचा वेग हाताच्या दांडीने ठरलेला असतो व पेडल केवळ चालीचे प्रमाण ठरवते. म्हणून चढावर किंवा जड ओढीच्या वेळी इंजिन गुदमरू लागले तर पेडल अधिक दाबावयाचे नसते, थोडे सोडावयाचे असते. अधिक दाबणे म्हणजे चढावर वरचा गिअर टाकण्यासारखेच होय. ‘ट्रॅक्टरमध्ये दमच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम पेडल न बदलता, पायाची ही एक सवय बदलूनच होऊ शकते.

अडचण नेमकी कोठे?

पेडलांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. एका प्रकारात मध्ये आस असलेले एकच लांबट पेडल असते. बोटांकडचा भाग दाबला की पुढे व टाचेकडचा भाग दाबला की मागे. दुसऱ्या प्रकारात शेजारी शेजारी दोन पेडले असतात, एक पुढे जाण्यासाठी व एक मागे येण्यासाठी.

मानवी घोटा बोटे खाली नेण्यास जितका समर्थ आहे, तितका ती वर उचलण्यास नाही. खालच्या दिशेने तो सुमारे ५० अंश वळतो, तर वरच्या दिशेने सुमारे २० अंश. टाचेने मागे घेण्याच्या पेडलात नेमकी हीच दुबळी बाजू कामाला लागते. ज्याचा पाय लहान, त्याची टाच पेडलाच्या कडेपर्यंत जातच नाही. असा चालक सारा पाय उचलून मागे सरकवतो आणि त्या क्षणी त्याचा पाय कोणत्याच नियंत्रणावर नसतो. उंच माणसाची अडचण याच्या उलट असते. त्याचा गुडघा स्टिअरिंगखाली अडतो व पाऊल सदैव तिरके राहते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. यंत्र एका देशातील शरीरमानावर आखले जाते आणि चालवणारा दुसऱ्या देशातील असतो. भोपाळ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील शेतकामगारांची मोजमापे घेण्यात आली व २००९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात स्त्री व पुरुष कामगारांच्या शरीराची ७९ मापे आणि स्नायुबळाची १६ परिमाणे आहेत. अवजार माणसाच्या मापाचे असावे हा आग्रह लाडाचा नसून शास्त्राचा आहे, हे यावरून ध्यानी येईल. एकाच घरातील पाच फूट दहा इंचांचे यजमान व पाच फुटांच्या गृहिणी एकच ट्रॅक्टर चालवीत असतील, तर कारखान्यातून आलेले पेडल दोघांनाही सोयीचे असण्याचा संभव कमीच.

आधी आसन, मग पेडल

कोणताही भाग कापण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. प्रथम आसन पुढेमागे व शक्य असल्यास वरखाली सरकवून पाहावे. पाठ आसनाला टेकलेली, गुडघा किंचित दुमडलेला आणि टाच फळीवर विसावलेली असावी. या स्थितीत पेडलाचा पुढचा व मागचा संपूर्ण प्रवास पाय न उचलता पूर्ण झाला पाहिजे. नेहमीचे शेतातले बूट घालूनच ही तपासणी करावी. अनवाणी पायाचे माप येथे उपयोगाचे नाही. काही यंत्रांत पेडलाची पट्टी बोल्ट सैल करून सरकवता येते. उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी सोय असेल तर तोच उत्तम मार्ग.

एवढ्याने भागले नाही तरच जोडपट्टीचा विचार करावा. मूळ पेडलावर चौकडीच्या पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी बोल्टने बसवावी व तिच्यावर खरबरीत रबर लावावे. अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते, आणि हा गुण येथे मोलाचा आहे. जड पट्टीचा भार एका बाजूस पडला तर न्यूट्रलकडे परत आणणाऱ्या स्प्रिंगवर ताण येतो व ट्रॅक्टर पाय काढल्यावरही मुंगीच्या चालीने सरकत राहू शकतो.

पट्टीची लांबी ठरवताना तरफेचा नियम विसरू नये. आसापासून टाचेचे अंतर ८ सेंटिमीटर असेल आणि आपण ते १२ केले, तर लागणारा जोर दोन तृतीयांशावर येतो, पण टाचेला दीडपट खाली जावे लागते. पायाला आराम मिळतो, परंतु पट्टी तळफळीवर टेकण्याचा धोका वाढतो. मागचा वेग थोडा कमी मिळाला तर बिघडत नाही, पण पट्टी कशात तरी अडकून परत आली नाही तर बिघडते. म्हणून पट्टीच्या सर्व बाजूंनी, विशेषतः ब्रेकच्या पेडलापासून, पुरेशी मोकळी जागा ठेवावी. ब्रेक दाबताना बुटाची कड चालीच्या पेडलाला लागता कामा नये.

जबलपूर-नरसिंहपूर पट्ट्यात पावसाळाभर बांध घालून पाणी साठवण्याची व ते सोडून गहू-हरभरा पेरण्याची ‘हवेली’ पद्धत परंपरेने चालत आली आहे. अशा काळ्या जमिनीचा चिखल बुटाला किती चिकटतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. तोच चिखल पट्टीखाली साचून वाळला की विटेसारखा कठीण होतो. त्यामुळे पट्टीला आरपार भोके असावीत आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी पेडलाखालची जागा साफ करावी.

हे मात्र करू नये

पेडलाची दांडी बिडाची असू शकते. तिच्यावर सरसकट वेल्डिंग केल्यास ती पुढे अवचित तुटते. वेल्डिंग अपरिहार्य असेल तर तो भाग यंत्रावरून काढून घ्यावा, कारण जवळच इंधनाच्या नळ्या व विजेच्या तारा असतात. पेडल आणि पंप यांना जोडणाऱ्या सळईची लांबी स्वतःच्या अंदाजाने बदलू नये, कारण न्यूट्रलचा बिंदू तिच्यावरच ठरतो. आसनाखालचा सुरक्षा-स्विच निकामी करू नये. पाय दुखतो म्हणून पेडलावर वीट ठेवणे किंवा ते दोरीने बांधणे हा तर आत्मघात होय. सतत एकाच वेगाने काम करावयाचे असेल तर वेग धरून ठेवणारी व ब्रेक दाबताच सुटणारी सोय काही यंत्रांत मिळते, तीच वापरावी.

१९०४ साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यामुळे आपल्या शहरात धातुकामाचे कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. चांगला फिटर येथे शोधावा लागत नाही. त्याला ‘मजबूत कर’ एवढेच न सांगता ‘पुन्हा काढता येईल असे कर’ असे सांगावे. जो बदल दोन बोल्ट सोडून मागे घेता येतो, तोच शहाणपणाचा.

कसोटी

सोने कसोटीवर घासल्याशिवाय सराफ त्याचे मोल सांगत नाही. बदललेल्या पेडलाचीही एक कसोटी आहे : पाय काढताच यंत्र जागीच थांबले पाहिजे.

ही परीक्षा जाणकार मेकॅनिकच्या उपस्थितीत घ्यावी. सपाट, पक्क्या जमिनीवर पुढच्या चाकांना अडथळे लावावेत, चारही चाकांचे चालन बंद करावे आणि मागची चाके भक्कम आधारांवर उचलावीत. इंजिन सुरू करून पेडल पुढे दाबावे व सोडावे, मागे दाबावे व सोडावे. असे निदान दहा वेळा करावे. इंजिन मंद असताना व पूर्ण वेगात असताना, तेल थंड असताना व तापल्यावर, प्रत्येक वेळी चाके आपोआप थांबली पाहिजेत. एकदा जरी ती फिरत राहिली तरी पट्टी काढून टाकावी. ‘दहातून नऊ वेळा थांबते’ हे समाधान येथे चालत नाही. ज्या दहाव्या वेळी ते थांबणार नाही, त्या वेळी मागे भिंत, विहीर किंवा घरचे मूल असू शकते. बंद इंजिनाचे हायड्रोस्टॅटिक चालन ट्रॅक्टरला उतारावर खात्रीने धरून ठेवील असे मानू नये. उभा करताना हातब्रेक लावलाच पाहिजे.

कागदाची बाजू

ट्रॅक्टर कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. पेडलावरील सुटी पट्टी आणि चालनयंत्रणेतील फेरफार यांत म्हणूनच फार अंतर आहे. पाय अधू असलेल्या चालकासाठी पायाऐवजी हाताने नियंत्रण बसवावयाचे असेल, तर २०१९ च्या सुधारणेने अशा ‘अनुकूलित वाहना’साठी त्याच कलमात स्वतंत्र तरतूद केली आहे. तिच्या अटी परिवहन कार्यालयातून समजून घ्याव्यात व त्यानंतरच कामास हात घालावा.

भाडेखरेदीवर घेतलेल्या वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून बदल करता येत नाही, असेही हेच कलम सांगते. बँकेच्या कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर बँकेकडे तारण असतो व कर्जकरारात बदलांविषयी अट असू शकते. तेव्हा करार वाचावा, शाखेस दोन ओळींचे पत्र द्यावे, विमा कंपनीला कळवावे आणि हमीचा काळ चालू असेल तर विक्रेत्याचे मत लेखी घ्यावे. ही पत्रे टाळण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणतो. पण अपघातानंतर दाव्याच्या वेळी प्रथम विचारले जाते ते ‘यंत्रात काही बदल केला होता काय?’ हेच. त्या वेळी फायलीतला एक कागद कुटुंबाचा मोठा आधार ठरतो.

ट्रॅक्टरचे हप्ते काही वर्षांत फिटतात. तो चालवणारा पाय मात्र जन्मभर पुरवावयाचा असतो. खरेदीपूर्वी अंगठीसारखे पेडलाचेही माप घ्या. घरातील जे जे कोणी तो चालवणार असतील, त्या सर्वांना दुकानातच आसनावर बसवून पाहा. अशा चोखंदळ ग्राहकाला पुढे पट्टी लावण्याची वेळ बहुधा येतच नाही.