अंगतपंगतीस काय न्यावें?

मनुष्यास पोट एकट्यानें भरतां येतें. परंतु ज्यास आपण आनंदानें 'जेवण' म्हणतों, त्यास पंगतीची जोड लागते. ही गोष्ट आपल्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखिली होती. प्रत्येकानें आपल्या घरचें कांहींतरी आणावें आणि सर्वांनीं एकत्र बसून तें वांटून खावें, या प्रकारास मराठींत 'अंगतपंगत' असें सुटसुटीत नांव आहे. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशींचा गोपाळकाला, कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं होणारें आवळीभोजन, शाळेच्या मधल्या सुट्टींत एकत्र उघडले जाणारे डबे, हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें होत. इंग्रजींत या प्रकारास 'पॉटलक' म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द प्रथम आढळतो, तेव्हां त्याचा अर्थ निराळा होता. अवचित आलेल्या पाहुण्यानें भांड्यांत जें कांहीं असेल तें आपलें दैव समजून गोड करून घ्यावें, इतकाच त्याचा भाव होता. ज्यानें त्यानें आपापला पदार्थ आणावयाचा, हा अर्थ त्यास पुढें अमेरिकेंत चिकटला.

अशा बेताची वार्ता कानीं येतांच सर्वांनाच हर्ष होतो असें मात्र नाहीं. वसतिगृहांत राहणारा विद्यार्थी, नोकरीनिमित्त परगांवीं एक खोली घेऊन राहिलेला तरुण, लहानपणीं ज्याच्या हातीं कोणीं पळी दिलीच नाहीं असा मुलगा, अभ्यासापायीं स्वयंपाकघरापासून दूर राहिलेली मुलगी, या सर्वांच्या मनांत प्रथम संकोच उत्पन्न होतो. "मला तर कांहींच करतां येत नाहीं," असें म्हणून कोणी घरींच राहतो, कोणी वर्गणी पुढें करून मोकळा होतो, तर कोणी बहिणीच्या किंवा आईच्या माथीं काम मारतो. याचा परिणाम असा होतो कीं, सर्वांची म्हणून ठरविलेली पंगत केवळ पाककुशल मंडळींची होऊन बसते. वस्तुतः स्वयंपाक येणें आणि पंगतीस कांहीं नेतां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस पुष्कळ वर्षांचा सराव लागतो. दुसरीस थोडी समज आणि नेटकेपणा पुरतो. ही समज कोणती, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम एक तत्त्व ध्यानांत घ्यावें. आपल्या बाजारांत असे अनेक जिन्नस मिळतात कीं, त्यांच्यासाठीं चूल दुसऱ्या कोणीं तरी आधींच पेटविलेली असते. भात भिजवून, भाजून व मग चेपून पोहे तयार होतात. म्हणजे पोहे दिसण्यांत कच्चे असले तरी अग्नि त्यांनीं पाहिलेला असतो. ज्वारीच्या लाह्या कडक आंचेवर फुटलेल्या असतात. कुरमुरे तापलेल्या वाळूंत फुललेले असतात. डाळें भाजलेलें असतें. मेतकूट व सातूचें पीठ हीं तर भाजलेल्या धान्यांचींच पिठें होत. दह्याचें काम अग्नीच्या ऐवजीं सूक्ष्म जंतूंनीं केलेलें असतें, आणि फळें सूर्यानें पिकविलेलीं असतात. तेव्हां ज्याच्यापाशीं चूल नाहीं, त्यानें या तीन वर्गांतून निवड करावी. सुदाम्यानें द्वारकेस नेलेले पोहे याच जातीचे होते, आणि ते नेण्यास त्यास कोणत्याहि पाककलेची गरज पडली नव्हती.

आतां कांहीं पदार्थ क्रमानें पाहूं.

पहिला मान दडप्या पोह्यांचा. पाव किलो पातळ पोहे चाळून व निवडून घ्यावे. त्यांत एका मध्यम नारळाचें खवलेलें ओलें खोबरें, दोन बारीक चिरलेले कांदे, दोनतीन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस, चवीपुरतें मीठ व किंचित् साखर घालून हातानें हलके कालवावे. वर नारळाचें पाणी शिंपडावें आणि ताट झांकून त्यावर वजन ठेवावें. खोबऱ्याचा व कांद्याचा ओलावा पोह्यांत मुरावा म्हणून ते असे दडपून ठेवावयाचे. त्यावरूनच हें नांव पडलें. अर्ध्या तासांत पोहे मऊ होतात. फोडणी ज्यास साधेल त्यानें घालावी. न साधल्यास पदार्थ अडत नाहीं. भाजलेले दाणे मात्र निराळ्या पुडींत न्यावे व वाढतांना घालावे, म्हणजे ते कुरकुरीत राहतात. इतक्या साहित्यांत सातआठ जणांस एकएक वाटी पुरेल.

दुसरा पदार्थ काल्याचा. चार वाट्या ज्वारीच्या लाह्या, दोन वाट्या भिजविलेले पोहे, तीनचार वाट्या दहीं, एक चिरलेली काकडी, आलें, मिरची, कोथिंबीर, मीठ, आणि आवडीप्रमाणें लिंबाच्या लोणच्याची एक फोड. कालविणें एवढीच यांतील कृति आहे. लाह्या फार लवकर मऊ पडतात, म्हणून त्या कोरड्या डब्यांत न्याव्या व पंगत बसण्याच्या वेळींच दह्यांत घालाव्या.

तिसरी काकडीची कोशिंबीर. हिच्यांत नवशिक्याची फजिती होण्याचें एकच ठिकाण आहे, आणि तें म्हणजे मीठ. काकडीस मीठ लागलें कीं तिच्या पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें व घटकाभरांत कोशिंबिरीचें सार होतें. याकरितां चिरलेली काकडी एका डब्यांत, दाण्याचें कूट दुसऱ्यांत, आणि मीठ, साखर व लिंबू हीं निराळीं न्यावीं. वाढण्यापूर्वीं पांच मिनिटें तीं एकत्र करावीं. भेळीचेंहि असेंच आहे. कुरमुरे, शेव, कांदा आणि चिंचेची चटणी हीं जोंपर्यंत विभक्त आहेत, तोंपर्यंतच भेळ जिवंत आहे.

चौथें श्रीखंड. पक्वान्नाचें नांव ऐकून भिण्याचें कारण नाहीं. दुग्धालयांतून अर्धा किलो ताजा चक्का आणावा. त्यांत साधारण तितकीच, किंवा बेताची गोडी आवडत असल्यास कांहींशी कमी, बारीक साखर मिसळून तासभर ठेवावी. साखर विरघळली कीं तें मिश्रण पुरणयंत्रांतून किंवा चाळणींतून घासून काढावें. वेलदोड्याची पूड आणि चमचाभर दुधांत भिजविलेलें केशर घातलें कीं काम संपलें. फळें घालण्याची इच्छा झाल्यास एक सावधगिरी बाळगावी. ताज्या अननसांत दुधांतील प्रथिनांचें विघटन करणारें एक द्रव्य असतें. त्यामुळें दह्यादुधाचा पदार्थ थोड्याच वेळांत कडवट होतो. अननस शिजवून घेतल्यास हा दोष राहत नाहीं. पण ज्यास चूलच नाहीं, त्यानें आंबा घालावा हें बरें.

पांचवी सोलकढी, कोंकणांत व गोव्यांत हिचें महत्त्व सांगावयास नको. दहाबारा आमसुलें वाटीभर पाण्यांत अर्धा तास भिजत घालून चांगलीं कुसकरावीं. एका नारळाचें खोबरें थोड्या पाण्याबरोबर दोन वेळां वाटून फडक्यांतून पिळून घ्यावें. दोन्ही रस एकत्र करून त्यांत ठेचलेली लसूण, मिरची, मीठ आणि कोथिंबीर घातली कीं सुंदर गुलाबी रंगाची सोलकढी सिद्ध होते. ती तापवूं नये, कारण आंबटपणामुळें नारळाचें दूध फुटतें. ठेवल्यावर तिचे थर वेगळे होतात. तो बिघाड नव्हे. वाढतांना ढवळावी म्हणजे झालें.

सहावा व सर्वांत निर्धास्त पदार्थ दाण्याच्या लाडवांचा. दोन वाट्या भाजलेले, सोललेले दाणे व एक वाटी चिरलेला मऊ गूळ एकत्र कुटावा. दाण्यांचें तेल सुटून मिश्रण आपोआप वळूं लागतें. तूपहि लागत नाहीं. लहान आकाराचे सुमारें बारा लाडू होतात. बिया काढलेला खजूर व तीळ यांचे लाडूहि असेच वळतां येतात. हे लाडू कित्येक दिवस टिकतात, प्रवासांत सांडत नाहींत, आणि उशीरा पोंचलेल्या मनुष्याचीहि लाज राखतात.

पदार्थ झाला, तरी अर्धेंच काम झालें. तो सुखरूप पोंचविणें व खाणारांस अपाय न होऊं देणें हें उरलेलें अर्धें होय. दहीं, दूध, ओलें खोबरें आणि चिरलेलीं फळें हीं उबेंत लवकर नासतात. सुमारें ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानांत रोगजंतूंची वाढ झपाट्यानें होते. म्हणून असे पदार्थ शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षां अधिक वेळ ठेवूं नयेत. उन्हाळ्यांत पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास हीच मर्यादा समजावी. ज्यास दूर जावयाचें आहे त्यानें श्रीखंडाचा मोह सोडून लाडू न्यावे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत ठेवूं नयेत. ते कळकतात व विषारी होतात. कांचेचें किंवा स्टीलचें भांडें उत्तम. आणि जेथें चूल नाहीं, तेथें हात धुण्याचें महत्त्व दुप्पट आहे. कारण हातांवरील मळाचे जंतु मारण्यास पुढें अग्नि येणार नसतो. पिण्याच्या शुद्ध पाण्यावांचून दुसरें पाणी अशा पदार्थांत घालूं नये.

किती न्यावें, याविषयींहि पुष्कळांचा घोटाळा होतो. समजा, बारा माणसें जमणार आहेत. प्रत्येकानें बारा जणांचें पोट भरेल इतकें अन्न आणलें, तर एकशें चव्वेचाळीस जणांचें अन्न गोळा होईल व त्यांतील बहुतेक फुकट जाईल. येथें प्रत्येक पदार्थ पोट भरण्यासाठीं नसून चवीसाठीं असतो. प्रत्येकास एक डाव येईल इतका पदार्थ पुरे. थोडें आणून तें संपलेलें पाहण्यांत जें समाधान आहे, तें पुष्कळ आणून परत नेण्यांत नाहीं.

कांहीं शिष्टाचारहि पाळावे. आपण काय आणणार तें यजमानास आधीं कळवावें, म्हणजे पंगतींत पांच कोशिंबिरी व शून्य भाकरी असा प्रसंग येत नाहीं. कोणास उपवास आहे, कोणास कांदालसूण वर्ज्य आहे, कोणास दाणे सोसत नाहींत, याची विचारपूस करावी. दाण्यांनीं ज्याच्या अंगावर उठतें किंवा ज्याचा श्वास कोंडतो, त्याच्या दृष्टीनें ही चौकशी केवळ सौजन्याची नसून जिवाची असते. म्हणून अशा पदार्थांत काय आहे तें डब्यावर चिठ्ठी लावून स्पष्ट लिहावें. वाढण्यासाठीं डाव आपला आपण न्यावा. निघतांना आपलें भांडें आपण घांसावें. यजमानाच्या घरच्या बायांवर तें ओझें टाकून येणारानें पंगतीस अन्न आणलें खरें, पण कामहि आणलें.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. विकतचा पुडा नेणें हें कांहीं पाप नव्हे. परंतु ज्याच्यावर आपण अर्धा तास खर्च केला, ज्यांत मीठ किती घालावें याचा आपण विचार केला, त्या पदार्थाबरोबर आपण स्वतः पंगतींत शिरतों. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेस पंढरपुराजवळील गोपाळपुरीं काल्यानें होते. तेथें एका मुखांतला घांस दुसऱ्याच्या मुखीं जातो, आणि कोणाच्या शिदोरींत लोणी होतें व कोणाच्या शिदोरींत केवळ लाह्या होत्या, हें विचारण्याचें कोणास कारणच उरत नाहीं. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्या भाषेंत आहे, आणि त्याची लाजहि आपल्याला पुष्कळ काळ बाळगावी लागली आहे. अंगतपंगत हें त्याचें एक लहानसें, रोजच्या व्यवहारांतलें उत्तर आहे. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस बेत ठरेल तेव्हां "मला कांहीं येत नाहीं" असें म्हणून मागें राहूं नका. पाव किलो पोहे, एक नारळ आणि एक लिंबू घ्या. उरलेलें काम पोह्यांवरचें वजन करील.